विवेकनिष्ठ मानसोपचार

चिंता व अतिविचार यांवरील बोलण्यातून केली जाणारी उपचारपद्धती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी तिचा प्रसार केला, तर ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ या संस्थेने ती सामान्यांपर्यंत नेली.

प्रसंग, त्याविषयीचा दृष्टिकोन व भावनिक परिणाम हे तिचे तीन घटक. उदाहरणार्थ, तारापूर अणुवीजकेंद्राजवळच्या घिवलीसारख्या किनारी गावात वादळी हवेत होडी परतायला उशीर झाला, तर घरच्यांना काळजी वाटणे स्वाभाविक आहे. ती वेळीच चौकशी करायला लावते. मात्र ‘काहीही अघटित घडताच कामा नये, घडले तर मी सावरूच शकणार नाही’ या हट्टातून चिंता जन्मते. झोप उडते, छाती धडधडते, तोच विचार फिरून फिरून येतो.

उपचारक हा हट्ट शब्दांत पकडायला शिकवतो. त्याला पुरावा काय, तो धरून हित होते का, हे रुग्ण स्वतः तपासतो. विचार लिहून काढणे, टाळलेल्या गोष्टींना टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे असा गृहपाठ करतो. संकटाची शक्यता उरते, पण अनिश्चितता सोसण्याचे बळ वाढते. त्रास तीव्र असल्यास मनोविकारतज्ज्ञ औषधांची जोड देतात.

मदत मागणे हा दुबळेपणा नव्हे. ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते. दूरच्या गावांसाठी ती मोलाची आहे.