‘ऐतिहासिक’ म्हणजे नक्की काय? हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल?

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायला बसलात, की पहिल्याच ओळीत एक शब्द हमखास येतो: ‘ऐतिहासिक’. मराठीत हा एकच शब्द दोन कामं करतो. इंग्रजीत त्यासाठी दोन विशेषणं आहेत. ‘हिस्टॉरिकल’ म्हणजे भूतकाळाशी संबंधित. गिरणीचं जुनं हजेरीपुस्तकसुद्धा हिस्टॉरिकल. ‘हिस्टॉरिक’ म्हणजे फार मोठ्या महत्त्वाचं. म्हणजे पहिलं वर्णन झालं आणि दुसरा निकाल. शीर्षकातच निकाल दिला तर पुढं तीन-चार वर्षं शोधायचं काय?

आपल्या सोलापूरचंच घ्या. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली आणि इथं लोक रस्त्यावर आले. ८ मेला गोळीबार झाला, मंगळवार पेठेतल्या चौकीत पोलीस मारले गेले. १२ मेला मार्शल लॉ लागला, तो जूनअखेरपर्यंत चालला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. हे दिवस हिस्टॉरिक होते का? चार हुतात्मा चौकातून जाणारा कुणीही हो म्हणेल, मीही म्हणतो. पण सरकारी कागदात हीच घटना ‘दंगल’ म्हणून येते. ‘दंगल’ आणि ‘ऐतिहासिक लढा’ हे दोन्ही निकालच आहेत, आणि तुमचं काम त्यांच्या अलीकडे सुरू होतं.

या शब्दाला एक शेपूटही असतं: ‘देशात प्रथमच’. मार्शल लॉबद्दल असं बिनधास्त लिहू नका. पंजाबात १९१९ ला आणि मलबारात १९२१ ला तो लागला होता. व्हायव्हात परीक्षक नेमकं इथंच बोट ठेवतात, आणि मग एका विशेषणापायी अख्ख्या प्रकरणावरचा विश्वास उडतो. सोलापूरला मोठं ठरवायला ‘प्रथमच’ची गरजही नाही.

मग करायचं काय? विशेषण खोडा आणि तिथं प्रश्न टाका: कुणासाठी, काय बदललं? फाशी गेलेल्यांच्या घरांसाठी, गिरणीकामगारासाठी, नगरपालिकेसाठी, मुंबई सरकारसाठी उत्तरं वेगळी निघतील. ‘सोलापूरचा ऐतिहासिक लढा : एक अभ्यास’ असं शीर्षक गाईड कदाचित चालवून घेतील. ‘मार्शल लॉ आणि सोलापूरचे गिरणीकामगार, मे-जून १९३०’ असं लिहिलंत, तर निदान कुठली फाईल आधी मागायची ते तरी कळेल.