एदोकालीन काष्ठमुद्राचित्रांतील गोचा पट
तंतुवाद्यवादन, ‘गो’ हा पटावरील खेळ, सुलेखन व चित्रकला या चार कला चिनी विद्वानाच्या सुसंस्कृतपणाची लक्षणे मानल्या जात. एदोकालीन जपानी चित्रकारांनी विद्वानांच्या जागी गणिका बसविल्या; थट्टा झाली, तरी पटाची प्रतिष्ठा टिकली. १८४२ मध्ये तेन्पो सुधारणांनी गणिका व नटांच्या चित्रांवर बंदी घातली. १८४३ मध्ये उतागावा कुनियोशीने प्राचीन वीरकथेचा आडोसा घेतला : आजारी सरदार योरिमित्सू निद्रिस्त, मागे भुतांचे सैन्य आणि रक्षणार्थ नेमलेले दोघे वीर गोच्या पटाशी. लोकांना योरिमित्सूत शोगुन इएयोशी, तर भुतांत सुधारणांनी नाडलेली प्रजा दिसली. कुनियोशीचा हेतू काहीही असो, सुसंस्कृतपणाचा पट येथे राज्यकर्त्यांच्या बेफिकिरीची खूण ठरला. प्रकाशकाने घाबरून चित्राच्या प्रती परत घेतल्या.