सकळ लिपी आणि आजचा कुलुपबंद ग्रंथ

महानुभावांनीं आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले, हें प्राचीन मराठीच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. सकळ ही त्यांतील मुख्य. भाषा मराठीच, अक्षरांची मात्र अदलाबदल. त्यामुळें पोथी हातीं आली तरी पंथाबाहेरच्या माणसास ती मुकीच. लीळाचरित्रासारखा तेराव्या शतकांतील गद्याचा ठेवा या रीतीनें शतकानुशतकें बाहेरच्या वाचकांस अज्ञात राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभीं कै. वि. का. राजवाडे यांनीं सकळ लिपीचा उलगडा केला, आणि पुढें पंथांतील कांहीं महंतांनींहि पोथ्या दाखविल्या. एकदां किल्ली कळल्यावर मात्र ती कोणाकडूनहि परत घेतां येण्याजोगी नव्हती.

डिजिटल ग्रंथाचें कुलूप निराळ्या जातीचें आहे. तेथेंहि मजकूर संकेतांतच असतो. परंतु किल्ली वाचकाच्या डोक्यांत नसून विक्रेत्याच्या हातीं असते. जुलै २००९ मध्यें ॲमेझॉन कंपनीनें जॉर्ज ऑर्वेल याच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या. ज्यानें त्या विक्रीस ठेविल्या त्यास तसा हक्क नव्हता, हें कारण. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखानें क्षमाहि मागितली. (त्यांतील एका कादंबरींत जुना मजकूर नष्ट करणारी राजसत्ता वर्णिली आहे, हा योगायोग विलक्षण खरा!) मनुस्मृतींतील अठरा व्यवहारपदांत क्रयविक्रयानुशय हें एक आहे. विकल्याचा पश्चात्ताप झाल्यास वस्तु दहा दिवसांच्या आंत परत घेतां येते. त्यानंतर बळेंच घेणारा दंडास पात्र होतो. डिजिटल ग्रंथाच्या विक्रेत्यास असली मुदत नाहीं, कारण त्याच्या करारान्वयें विक्री झालेलीच नसते, वाचनाची अनुज्ञा तेवढी दिलेली असते.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं ६५अ हें कलम घालून, हक्कभंगाच्या हेतूनें असें कुलूप फोडणारास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. हेतूची अट आहे, हें बरें.

या माध्यमाचे उपकारहि थोडे नाहींत. राजवाडे १९२६ सालीं निवर्तले. त्यांच्या ग्रंथांवरील हक्काची मुदत केव्हांच सरली, आणि त्यांचे साधनखंड आज इंटरनेट अर्काइव्हवर खेड्यांतला विद्यार्थीहि विनामूल्य वाचूं शकतो. माझी तक्रार हक्काची मुदत न सरलेल्या ग्रंथांविषयीं आहे. त्यांच्या डिजिटल प्रती ग्रंथालयें पुष्कळदां मुदतीच्या परवान्यानें घेतात, आणि मुदत संपली कीं त्यांच्यापाशीं प्रत राहत नाहीं. महानुभावांच्या पोथ्या कुलुपबंद असल्या तरी मठांत होत्या, म्हणून राजवाड्यांस त्या उलगडावयास मिळाल्या.