मुसीचा पूर आणि गंडीपेटचे पाणी : १९०८ ते १९२०

गंडीपेटचे पाणी जो एकदा प्याला तो हैदराबाद सोडून जात नाही, असे या शहरात म्हटले जाते. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड या भागांतून शिक्षणासाठी वा सरकारी नोकरीनिमित्त येथे आलेल्या आणि मग पिढ्यान्‌पिढ्या येथलीच झालेल्या मराठी कुटुंबांना तर ही म्हण चांगलीच लागू पडते. म्हण पुष्कळ जुनी वाटते, पण फार जुनी असू शकत नाही. गंडीपेटचा जलाशय, म्हणजे उस्मानसागर, १९२० साली पूर्ण झाला. हे पाणी शहराच्या ओठी कसे लागले, ही हकीकत एका भयंकर पुरापासून सुरू होते.

मुसी अनंतगिरीच्या डोंगरात, विकाराबादजवळ उगम पावते. पुराणप्रिय मंडळी तिला मुचकुंदा म्हणतात. इसी ही तिची जोडनदी, आणि लंगरहौजजवळ जेथे महात्माजींच्या अस्थी विसर्जित झाल्या त्या बापूघाटापाशी दोघींचा संगम होतो. वर्षाचे आठ-नऊ महिने पात्रात वाळू आणि खडकच अधिक दिसत. शहराची तहान भागत असे ती घरोघरच्या विहिरींवर आणि दोन मोठ्या तलावांवर: एक कुतुबशाही काळातला, १५६२ च्या सुमाराचा हुसेनसागर आणि दुसरा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला मीर आलम तलाव. या दुसऱ्याची भिंत एकवीस अर्धवर्तुळाकार कमानी एकमेकींना जोडून उभी केलेली आहे. अभियंत्यांनी अजूनही मुद्दाम जाऊन पाहावी अशी ती रचना होय.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी ही वाळूची नदी शहरात शिरली. शमशाबाद येथे चोवीस तासांत १२.८ इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत १८.९ इंच पाऊस मोजला गेला होता. अफझलगंज, कोळसावाडी आणि नदीकाठच्या इतर वस्त्या वाहून गेल्या, पुलांची दुर्दशा झाली. १५७८ सालचा पुराना पूल मात्र घाव सोसूनही उभा राहिला. मृतांचा आकडा सामान्यतः पंधरा हजारांपर्यंत सांगितला जातो. अफझलगंजच्या इस्पितळाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून बसलेले सुमारे दीडशे जीव वाचले. प्रसिद्ध उर्दू कवी अमजद हैदराबादी यांनी आई, पत्नी आणि मुलगी याच पुरात गमावली. निजाम मीर महबूब अली खान यांनी लोकांसाठी राजवाड्यांचे दरवाजे उघडले. त्यांनी स्वतः नदीकाठी येऊन मुसीची हिंदू पद्धतीने खणानारळाने ओटी भरली, अशीही आठवण सांगितली जाते. ती आख्यायिका असली तरी त्या राजाविषयी प्रजेचे मत काय होते, याचा तो उत्तम पुरावा आहे.

आपत्ती ओसरल्यावर साहाय्य वाटून मोकळे होणे सोपे होते. दरबाराने तसे केले नाही, हे त्याच्या लौकिकात जमा धरले पाहिजे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या त्या वेळी मुंबई इलाख्याच्या नोकरीतून मोकळे होऊन युरोपच्या प्रवासात होते. त्यांना पाचारण करण्यात आले व १९०९ साली ते हैदराबादेस दाखल झाले. विश्वेश्वरय्या मराठी मुलुखाला परके नव्हते. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून ते १८८३ साली अभियंता झाले. नाशिक, खानदेश, पुणे येथे त्यांनी सेवा केली. नीरा कालव्यावरची पाळीपद्धती आणि खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे ही त्यांच्याच कल्पकतेची फळे होत.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पावसाचा नव्हे, तळ्यांचा. मुसीच्या खोऱ्यात लहानमोठे ७८८ तलाव होते, म्हणजे जवळजवळ प्रत्येक चौरस मैलास एक. त्यांपैकी २२१ फुटले होते. तेलंगणातील हे तलाव उतरणीवर एकाखाली एक असे साखळीने बांधलेले असतात, वरच्याचा सांडवा खालच्याला भरतो. नेहमीच्या पावसात ही व्यवस्था अमृतासारखी, पण वरचा बांध एकदा गेला की त्याचा सारा साठा खालच्या बांधावर एकदम कोसळतो, आणि मग साखळी तुटत तुटत थेट नदीपर्यंत येते. शतकानुशतके शेतीला जगवणाऱ्या त्या व्यवस्थेनेच त्या रात्री पुराचे बळ वाढवले होते.

यावर काठाला उंच भिंती बांधून भागणार नाही, पूर शहराच्या वरच अडवला पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यासाठी मुसीवर एक आणि इसीवर एक असे दोन जलाशय त्यांनी सुचवले, आणि त्यांतूनच शहरास पिण्याचे पाणी द्यावे असेही मांडले. काठाची सुधारणा, बगीचे, भूमिगत गटारे यांचाही विचार त्यांनी केला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस ते म्हैसूरच्या सेवेत गेले. योजना मागे राहिली आणि ती अमलात आणण्याचे काम इतरांनी केले.

या दशकात बदल केवळ पाण्याचा झाला नाही. १९११ मध्ये महबूब अली खान निवर्तले आणि मीर उस्मान अली खान गादीवर आले. १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. १९१३ मध्ये गंडीपेट येथे धरणाच्या कामास प्रारंभ झाला. इकडे प्लेगच्या साथी येत होत्या, १९१८ चा इन्फ्लुएन्झा आला. १९११ च्या शिरगणतीत पाच लाखांच्या घरात गेलेली लोकसंख्या १९२१ मध्ये चार लाखांच्या आसपास उतरलेली दिसते. माणसे कमी होत असताना पुढच्या कितीतरी पिढ्यांचे पाणी साठवले जात होते! मराठी समाजाच्या दृष्टीनेही हा काळ घडणीचा. वामनराव नाईक, केशवराव कोरटकर आदींच्या पुढाकाराने निघालेली विवेकवर्धिनी तेव्हा नुकतीच बाळसे धरू लागली होती.

उस्मानसागराची साठवण सुमारे ३.९ अब्ज घनफूट. इसीवरचा हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला, त्याची सुमारे २.९. गंडीपेट शहरापेक्षा उंचावर असल्याने तेथील पाणी पक्क्या बांधीव कालव्यातून, पंपाशिवाय, केवळ उताराने आसफनगरच्या गाळणीपर्यंत येते. आज शेकडो मीटर पाणी चढवण्यासाठी विजेची जी बिले भरावी लागतात ती पाहिली की या साधेपणाचे मोल कळते.

या योजनेत एक पेच मात्र जन्मतःच होता. पूर पोटात घ्यायचा तर जलाशयात मोकळी जागा हवी, पाणी पाजायचे तर तो भरलेला हवा. दोन्ही कामे एकाच धरणावर सोपवली की दरवाजा केव्हा उघडायचा हा निर्णय दर पावसाळ्यात नव्याने घ्यावा लागतो. उस्मानसागरला पंधरा आणि हिमायतसागरला सतरा दरवाजे आहेत, पण ते उघडणारा हात बिचकतो, कारण एकदा सोडलेले पाणी उन्हाळ्यात परत मिळत नाही. पूर विसरला जाऊन तहान वाढत गेली तसा तराजू साठ्याकडे झुकला. धरणे वर आहेत या भरवशावर मुसीच्या पात्रातच वस्त्या आणि इमारती चढल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागले तेव्हा नदीने आपली जुनी जागा पुन्हा मागितली.

पुढे हे दोन जलाशय शहराला पुरेनासे झाले. १९६५ मध्ये मांजरेचे पाणी आले. ही नदी उगम पावते ती बीड जिल्ह्यात, पाटोद्याच्या बालाघाट डोंगरात. तिच्याच पाण्यावर अवलंबून असलेल्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे येथे नळ सोडताना क्वचितच कोणाच्या मनात येत असेल. एकविसाव्या शतकात कृष्णा आणि गोदावरीही आल्या. गंडीपेटच्या पाणलोटात बांधकामे होऊ नयेत म्हणून १९९६ साली दहा किलोमीटरच्या परिसरातील ८४ गावांवर निर्बंध घालण्यात आले होते. ते उठवण्याचा आदेश शासनाने २०२२ मध्ये काढला.

पुराने मोकळ्या केलेल्या काठावर मात्र त्या पिढीने जे उभारले ते पाहण्यासारखे आहे. एका तीरावर उच्च न्यायालय आणि सिटी कॉलेज, दुसऱ्या तीरावर उस्मानिया रुग्णालय. आणि आपणा ग्रंथप्रेमींना विशेष जिव्हाळ्याचे म्हणजे आसफिया ग्रंथालय. १८९१ च्या सुमारास स्थापन झालेल्या त्या संग्रहाला १९३० च्या दशकात स्वतःची वास्तू मिळाली ती अफझलगंज येथे, जो भाग १९०८ च्या त्या दिवशी पाण्याखाली होता.