नाशिकचा चित्रोद्योग आणि व्यापाऱ्यांचे भांडवल

गोदातीरीच्या या नगरीची ख्याती तीर्थक्षेत्र म्हणून सर्वदूर आहे. तथापि भारतीय चित्रपटाचे बालपणही याच नगरीत गेले, ही गोष्ट नव्या पिढीस क्वचितच ठाऊक असते.

त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. त्याच वर्षी त्यांनी आपले बिऱ्हाड व उद्योग नाशिकला हलविला. पौराणिक कथांना साजेसे घाट, मंदिरे व डोंगर येथे हाताशी होते. 'मोहिनी भस्मासुर' येथेच तयार झाला आणि त्यात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या स्त्रियांनी भूमिका केल्या. तोवर स्त्रीभूमिका पुरुषच करीत. सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा तर स्वतंत्र लेखाचा विषय व्हावा. फिल्म धुण्यापासून कामगारांच्या जेवणापर्यंत सारा भार या माउलीने वाहिला.

पहिल्या महायुद्धात पैशाचा ओघ आटला. 'लंकादहन' (१९१७) च्या अपूर्व यशानंतर मात्र भांडवलदारांची दृष्टी इकडे वळली आणि १९१८ साली मुंबईच्या व्यापारी भागीदारांसह 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' नाशिकला स्थापन झाली. 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये दादासाहेबांची बालकन्या मंदाकिनी हिने बाळकृष्ण साकारला. तिचे निर्व्याज हास्य उपलब्ध चित्रफितीत आजही पाहावयास मिळते.

परंतु वर्षभरातच भागीदारीत बेबनाव झाला. खर्च आटोक्यात असावा, चित्रे वेळेवर निघावीत, ही भागीदारांची अपेक्षा होती; कामात तडजोड नको, हा दादासाहेबांचा आग्रह होता. कलेचे इतिहासकार बहुधा भागीदारांनाच दोषी ठरवितात. पेढीवर बसणारा मनुष्य इतक्या त्वरेने निवाडा देणार नाही. कापडाचे थान या हंगामात न खपल्यास पुढच्या हंगामात थोड्या सवलतीने खपते. अर्धवट राहिलेल्या चित्रपटास मोल नसते. मात्र कारागीर दुखावला तर पेढीही चालत नाही, हेही तितकेच खरे. दादासाहेब कंपनी सोडून काशीस गेले, तेथे 'रंगभूमी' हे नाटक लिहिले आणि १९२२ साली त्याच कंपनीत परतले. पहिली एकजीवता मात्र पुन्हा आली नाही. पुढे बोलपट आले आणि मूकपटांचा काळ सरला.

व्यापार व कला यांचे नाते या परिसरास नवे नव्हते. अंजनेरी येथील जैन मंदिराच्या शके १०६३ च्या शिलालेखात चंद्रप्रभ भगवंतांच्या मंदिरास दुकाने दान दिल्याची नोंद आहे. तेथे दात्याने दान दिले आणि तो बाजूस झाला. फाळके यांच्या भागीदारांना नफ्याचा हिशेब हवा होता.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी दादासाहेबांनी नाशिकमध्येच देह ठेवला. अखेरची वर्षे त्यांनी विपन्नावस्थेत व विस्मृतीत काढली. पांडवलेणीच्या पायथ्याशी आज त्यांचे स्मारक उभे आहे.