देवळालीच्या शिक्षकाची सतरा अंकी संख्या

नाशिकजवळ देवळाली येथे १९३० ते १९६२ या काळात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) शाळेत शिकवीत होते. त्यांचे नाव निघाले की बहुतेकांना ६१७४ आठवते. आम्ही येथे त्यांच्या दुसऱ्या एका कुळातली संख्या घेणार आहोत: १२३४५६७८९८७६५४३२१.

मुंबईपासून तीसेक मैलांवर, जी. आय. पी. रेल्वेवरच्या डेमलो (आजचे डोंबिवली) स्थानकात सुचल्या, म्हणून कापरेकरांनी या कुळाला ‘डेमलो संख्या’ असे नाव दिले. १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये त्यांनी त्यांवर लेख लिहिला. खूण सोपी आहे. आपल्या संख्येतला मधला ९ वगळून डावा व उजवा भाग मिळवा: १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९. मधला अंकच बेरजेत पुन्हा पुन्हा येतो. १२३२१ मध्येही १२ + २१ = ३३.

ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. फळ्यावर उभा गुणाकार मांडला की कारण दिसते. एकेक घर सरकलेल्या, १ च्या नऊ ओळी येतात. स्तंभांत १, २, ३ असे वाढत ९ पर्यंत आणि पुन्हा १ पर्यंत उतरणारे एकक जमतात. हातचा कोठेच येत नाही. दहा एकांचा वर्ग घेतला तर मधल्या स्तंभात १० होतात, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे होते. येथे नक्षी मोडते.

आता अंकांची बेरीज करा: ८१. आणि ८१ ने या संख्येला नि:शेष भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’ म्हटले. हा योगायोग नव्हे. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून तिला ९ ने भाग जातो (भागाकार १२३४५६७९, त्यात ८ नाही!), मग तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच.

कापरेकरांच्या कामाकडे अनेक व्यावसायिक गणितज्ञांनी दुर्लक्ष केले. १९३९ साली के. आर. गुंजीकरांनी त्यांच्यासह डेमलो संख्यांची उपपत्ती लिहिली, तरी व्यापक कीर्ती मिळायला १९७५ साल व मार्टिन गार्डनर यांचे सदर यावे लागले. अशा कामावर घेण्याजोगा आक्षेप असा: हे गुणधर्म संख्येचे की दहाच्या पायावर लिहिण्याच्या आपल्या सवयीचे? आक्षेप खोटा नाही. ६१७४ च्या बाबतीत तो लागू पडतो. पाया बदलला की चार अंकांसाठी तशी एकच संख्या मिळेलच असे नाही.

आपली सतरा अंकी संख्या मात्र या कसोटीस उतरते. आठच्या पायावर सात एकांचा, म्हणजे १११११११ चा, वर्ग करा: १२३४५६७६५४३२१. हातचा नाही. अंकांची बेरीज (दशमानात) ४९, म्हणजे ७ चा वर्ग. आठच्या पायावर ७ ची कसोटी तीच, जी आपल्याकडे ९ ची. त्यामुळे १११११११ ला ७ ने आणि वर्गाला ४९ ने भाग जातो. डावा व उजवा भाग मिळवला तर ७७७७७७. पाया कोणताही घ्या, त्याहून एक कमी इतके एकक मांडा, सिद्धता एका अक्षराने बदलत नाही. आणि एक एकक जास्त घेतला तर आठच्या पायावर १२३४५७००७६५४३२१ मिळते. नक्षी तेथेही त्याच जागी, त्याच दोन शून्यांनी मोडते.