बाळंतपणाची तारीख कशी काढायची आणि तोपर्यंत काय जपायचे

गरोदर ताईकडे गेलो की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "शेवटची पाळी कधी आली होती?" उत्तर बहुतेक वेळा तारखेत येत नाही. "जयंती झाली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी," असे येते. हे उत्तर उत्तम आहे. जयंती 14 एप्रिलला, म्हणजे पाळीचा पहिला दिवस 15 एप्रिल. "उन्हाळ्यात कधीतरी" असे उत्तर आले की मात्र पंचाईत होते.

हिशेब सोपा आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. 15 एप्रिलचे नऊ महिने 15 जानेवारीला होतात, वर सात दिवस, म्हणजे 22 जानेवारी. एकेक दिवस मोजून 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे, धरले तर 20 जानेवारी येते. एक-दोन दिवसांच्या फरकाने काही बिघडत नाही. आपल्या आज्या 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणत, त्याही फार चुकत नव्हत्या. नेहमी होणारी चूक वेगळीच आहे. पाळी चुकली तो दिवस धरून मोजतात आणि तारीख महिनाभर पुढे जाते.

हा हिशेब 28 दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा आहे. जिची पाळी नेहमी 35 दिवसांनी येते, तिच्या तारखेत आणखी सात दिवस घालावेत. पाळी अनियमित असेल, किंवा अंगावर पाजत असताना पाळी न येताच दिवस गेले असतील, तर बोटांवरचा हिशेब सोडून द्यावा आणि पहिल्या तीन महिन्यांतच सोनोग्राफी करून घ्यावी. त्या काळात सगळी बाळे जवळपास सारख्याच गतीने वाढतात, म्हणून त्या सोनोग्राफीची तारीख साधारण आठवड्याच्या आत बरोबर असते.

पुढच्या सोनोग्राफींचे तसे नाही, आणि इथेच आमच्या वस्तीत घोटाळा झाला होता. एका ताईच्या पहिल्या कागदावर एक तारीख होती. आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत तीन आठवडे पुढची तारीख आली. घरच्यांनी नवीन कागद खरा मानला. मशीन काय खोटे बोलणार? नवरा कामावर बाहेरगावी गेला. कळा पहिल्या तारखेच्या दोन दिवस आधी आल्या आणि बाळ रिक्षातच जन्मले. दोघे सुखरूप आहेत, पण ती रात्र आम्ही विसरलेलो नाही. शेवटच्या महिन्यांत मशीन बाळाच्या आकारावरून वय काढते. आईच्या पोटात पुरेसे अन्न गेले नसेल तर बाळ लहान दिसते आणि तारीख पुढे सरकते. म्हणजे ती नवी तारीख खरे तर बाळाची वाढ कमी असल्याची खूण असू शकते. दोन तारखांत फरक दिसला की डॉक्टरांना थेट विचारा, "वाढ कमी आहे का?" सुरुवातीला नीट काढलेली तारीख शेवटपर्यंत बदलायची नसते.

बरोबर ठरलेल्या दिवशी जन्मणारी बाळे शंभरात चार-पाचच. 37 आठवडे पूर्ण झाल्यावर कधीही कळा येऊ शकतात. त्याआधी आल्या तर बाळ अपुऱ्या दिवसांचे, त्याला काचेच्या पेटीची सोय असलेले रुग्णालय लागू शकते. 41 आठवडे उलटले तर घरी वाट पाहत बसू नये.

तारखेला पैशाचीही बाजू आहे. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेच्या अर्जात शेवटच्या पाळीची तारीख लागते. कायद्याने मिळणाऱ्या 26 आठवड्यांच्या भरपगारी रजेपैकी जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीआधी घेता येतात, तेही याच तारखेवरून मोजतात. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब बोलले, ते कामगार बायांसाठी. कंत्राटावर झाडू मारणाऱ्या आपल्या बहिणींना ती रजा आजही मागूनसुद्धा मिळत नाही, हे तुम्हीही पाहता.

आता तब्येतीचे. आमच्या अनुभवात सर्वांत जास्त नुकसान अंगात रक्त कमी असल्याने होते. हिमोग्लोबिन 11च्या खाली म्हणजे रक्तक्षय, 7च्या खाली म्हणजे लगेच रुग्णालय. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी फुकट मिळते. ती रोज एक, किमान 180 दिवस घ्यायची आणि बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस. घराघरांत या गोळ्यांची पाकिटे न फोडता पडलेली असतात. कारण विचारले की सासूबाई सांगतात, "त्याने बाळ काळं होतं." गोळीने शौच काळी होते, बाळाचा रंग बदलत नाही. आणि बदलला असता तरी काय झाले असते, हाही प्रश्न आपण घरात विचारलाच पाहिजे. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. चहासोबत घेऊ नये, लिंबूपाण्यासोबत चालते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी.

दुसरा समज त्याहून घातक आहे: कमी खाल्ले की बाळ लहान राहते आणि बाळंतपण सोपे जाते. लहान बाळ म्हणजे अशक्त बाळ. एक जेवण वाढवा. भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, अंडे, मासळी, जे परवडेल ते, पण बाईने सगळ्यांच्या शेवटी उरलेले खायचे नाही. मशेरीबद्दल तर भांडावेच लागते. ओकारी थांबते म्हणून गरोदरपणात मशेरी वाढवणाऱ्या बाया आम्ही पाहतो. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, त्याने बाळाचे वजन घटते.

नोंदणी बारा आठवड्यांच्या आत, तपासण्या किमान चार, धनुर्वाताची इंजेक्शने आशाताई सांगतील तशी. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. तरुण मुलांनी त्या दिवशी वहिनीला, बहिणीला गाडीवर मागे बसवून नेले तरी मोठे काम होते. सोनोग्राफीला गेल्यावर मुलगा की मुलगी हे विचारू नका, विचारणे आणि सांगणे दोन्ही गुन्हा आहे.

अंगावरून रक्त किंवा पाणी गेले, डोके खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा-हात सुजले, झटके आले, ताप चढला किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर तारीख कितीही लांब असो, 108ला फोन लावा. सरकारी रुग्णालयात प्रसूती मोफत आहे, सिझेरियनसुद्धा.

पहिले बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत आहे. सातव्या महिन्यात ताई गाव बदलते आणि तपासणीचे कार्ड सासरी कपाटात राहते. ते कार्ड पिशवीत सगळ्यात आधी ठेवा, आणि त्याच्या मागच्या बाजूला शेवटच्या पाळीची तारीख पेनाने लिहा.